बयाबाईची झील

मी शाळेत गाणं शिकवते, म्हणून चिमणाक्काचं गाणं टेपवर घ्यायचं काम माझ्याकडे आलं. टेपरेकॉर्डर, दोन कोऱ्या कॅसेट आणि आक्कांसाठी गोविंद विडा घेऊन मी उन्हं कलल्यावर शाहूपुरीतून चालत पेटीवाल्यांच्या गल्लीत गेले.

ही २००३ सालची गोष्ट. ती गल्ली आता नाही. एके काळी तिथं खाली बाजाच्या पेट्या बनायच्या आणि वर माडीवर बैठकीच्या लावण्या व्हायच्या. गुळाचे सौदे आटोपले की व्यापारी तिकडं वळायचे, पन्हाळ्याकडचे पाटील घोड्यावरून यायचे. मी गेले तेव्हा अर्धी गल्ली पाडून झाली होती. उरलेल्या भिंतींवर हिरवे-निळे रंग उघडे पडले होते, आणि वाऱ्याबरोबर जुन्या चुन्याची धूळ तोंडावर येत होती.

मल्लेशअण्णा गल्लीतले शेवटचे पेटीवाले. वय पन्नाशीचं. दुकानामागच्या खोलीत त्यांनी गल्लीची आठवण जमवायला घेतली होती. ढोलक्या, तुणतुणी, समया, भिंतीवरचे फोटो. लोक वस्तू आणून देत आणि हळूच म्हणत, "आमचं नाव मातूर घालू नका." त्यामुळं त्या खोलीत नुसते चेहरे होते. नटलेल्या, कॅमेऱ्याकडं रोखून बघणाऱ्या बायका, आणि खाली काहीच लिहिलेलं नाही.

त्यांच्यातली एकच जिवंत होती. चिमणाक्का. अण्णांच्याच माडीवर आयुष्यभर राहिलेली. तिची आणि धाकट्या बहिणीची, बयाबाईची, एक लावणी साऱ्या कोल्हापुरात गाजली होती. ती कुणी लिहून ठेवली नव्हती. एक ओळ थोरलीनं म्हणायची, दुसरी धाकटीनं मागून उचलायची. त्या मागून येणाऱ्या ओळीला झील म्हणतात.

"माझ्या ओळी म्हणतो की," चिमणाक्का विडा गालात सारत म्हणाली. "तिच्या न्हाय."

"का हो आक्का? अर्धं गाणं ठेवून काय उपयोग?"

"तिनं मला अर्ध्यात सोडलं, तसंच ऱ्हाऊ दे गाणं." तिनं तोंड फिरवलं. "निपाणीच्या कुणाबरबर गेली म्हणं. एक शब्द बोलली न्हाय. चाळीस वर्सं झाली... तिचं नाव या तोंडानं घेतलं न्हाय मी."

अण्णांनी मला डोळ्यानं खुणावलं, वाढवू नका. मी म्हटलं, बरं, तिच्या ओळीची जागा मोकळी सोडा. अण्णांनी पेटी पुढं ओढली. मी टेप सुरू केला. तेवढ्यात लाईट गेली. लोडशेडिंगचे दिवस होते ते. टेपला सेल होते, म्हणून अण्णांनी नुसता कंदील लावला आणि आम्ही गाणं तसंच पुढे चालू ठेवलं.

दिवेलागण झाली होती. चिमणाक्कानं डोळे मिटले. सत्तरीचा गळा, पण काय धार होती!

"दारी लावून दिवा, सख्या मी वाट किती पाहू..."

मग ती थांबली. अण्णांची पेटी बारीक वाजत राहिली. एक ओळ मावेल एवढी शांतता गेली. पुन्हा आक्कानं पुढची ओळ घेतली. पुन्हा शांतता. तिसऱ्या वेळी मला वास आला. ओल्या काथ्याच्या दोराचा, शेवाळाचा. उन्हाळ्याचे दिवस, माडी कोरडी ठणठणीत, आणि कुणीतरी नुकतीच ओली घागर आणून ठेवावी तसा तो वास खोलीभर पसरला.

चिमणाक्कानं हात वर केला.

"थांबा... आली."

"कोण?"

"झील धरतीया."

मला काही ऐकू येत नव्हतं. अण्णांनाही नाही, पण त्यांची बोटं आपोआप एका खालच्या पट्टीवर गेली होती. आक्का मान एका बाजूला कलती करून ऐकत होती, जशी बैठकीत शेजारणीकडं करतात तशी. आणि ऐकलेलं हलक्या आवाजात मला सांगत होती.

"तेल सरलं, वात उरली, सांग कशी मी राहू..."

मी भराभर लिहून घेत होते. भीतीपेक्षाही तेव्हा मला आनंद झाला होता, खरं सांगते. हरवलेलं गाणं ओळीओळीनं परत येत होतं. आक्काच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि ती गात होती. शेवटचं कडवं आलं. ती थांबली, कान दिला... आणि तिचा चेहरा उतरला.

"ह्ये गाण्यात न्हाय," ती पुटपुटली.

"काय म्हणते, आक्का?"

"म्हणती... मी कुठं गेलो न्हाय." "पाणी शेंदताना दोर तुटला, म्हणती. आडातनं लई हाका मारल्या, आक्का... वर गाणं चालू हुतं..."

एवढं बोलून ती पेटीवर कोसळली. सगळे सूर एकदम वाजले.

दुकानामागं परसात एक आड होता. वर शहाबादी फरशी, आणि फरशीवर अण्णांनी लाकडाचे तुकडे रचलेले. सकाळी अण्णांनी गल्ली पाडणाऱ्या माणसांना बोलावलं. फरशीच्या कडेचा चुना दगडासारखा घट्ट झाला होता. पहारीनं फोडताना ठिणग्या उडाल्या. खाली पाणी नव्हतं. गाळ होता, आणि गाळात हाडं. पायाच्या हाडांशी चाळ होते.

चिमणाक्कानं ते ओळखले. पितळी घुंगरांत आईनं एक एक चांदीचं घुंगरू ओवलेलं, दोघींच्या चाळांत. ती आडाच्या कडेला बसली, चाळ मांडीवर घेऊन.

"बये... चाळीस वर्सं शिव्या दिल्या गं तुला."

चिंच लावून तिनं एकेक घुंगरू घासलं. पोलीस आले, पंचनामा झाला, इतक्या जुन्या गोष्टीत ते तरी काय करणार. पंचगंगेच्या घाटावर आक्कानं स्वतः बहिणीचं सगळं केलं. तेराव्याला फोटोंच्या खोलीत आली आणि एका फोटोखाली नाव लिहायला सांगितलं. बयाबाई. त्या भिंतीवरचं ते पहिलं नाव. त्यानंतर बाकीच्या घरांतूनही माणसं आली, नावं सांगून गेली. आमचं काम खऱ्या अर्थानं तिथून उभं राहिलं. चिमणाक्का त्याच पावसाळ्यात गेली. झोपेत, शांतपणे.

मल्लेशअण्णा मात्र फरशी फुटल्यापासून गप्प झाले होते. आक्का गेल्यावर एके दिवशी म्हणाले, "मॅडम, बावड्याला येता माझ्याबरबर? आप्पांना एक विचारायचं हाय. एकट्यानं विचारायचा धीर न्हाय."

त्यांचे वडील, चन्नवीरआप्पा, थोरल्या मुलाकडं कसबा बावड्यात राहत. नव्वदीला टेकलेले, डोळे गेलेले. वाऱ्यावर साखर कारखान्याच्या मळीचा वास येत होता. अण्णा त्यांच्या पायाशी बसले.

"आप्पा, परसातला आड कधी बंद केला?"

"तू रांगाय लागलास तवा," आप्पा हसले. "दोनदा काठापातूर गेलतास. तुझी आई रडाय लागली. मग गवंडी आणला, फरशी बसवली. त्येला पुन्हा कुणी हात लावला न्हाय बघ."

"नक्की, आप्पा?"

"माझा आड, मला ठावं न्हाय व्हय?"

आम्ही बाहेर आलो. उसाच्या कडेनं चालत स्टॉपपर्यंत आलो. बस लांब दिसायला लागली तेव्हा अण्णा म्हणाले,

"बयामावशी घरातनं गेली तवा मी चौथीत होतो, मॅडम."

फरशी बसली तेव्हा ते रांगत होते; मी मनात वर्षं मोजू लागले.

"पेटीवर पहिला सा तिनंच लावून दिला मला. रोज सांजच्याला मांडीवर घ्यायची... माझं बोट धरून पट्टीवर ठेवायची."

बस येऊन थांबली, कंडक्टरनं दोनदा हाक मारली. अण्णा जागेवरून हलले नाहीत. उजव्या हाताचं बोट ते सदऱ्याला पुसत होते. पुसतच राहिले.