वाट दाखवणारी

लग्न ठरलं तेव्हा सेनाइदानं होणाऱ्या सासूला एकच खोटं सांगितलं होतं. आई शाळेत शिकवायची, आता मोरेलियाला मावशीकडे असते, एवढंच. ती आता राहायची त्या केरेतारो शहराहून तिचं गाव लांब होतं, त्यामुळे ते खपूनही गेलं. पण फेब्रुवारीत सासूनं, दोन्या लिओनोरनं, जेवताना विषय काढला. "तुमच्या आंगांगेओजवळच्या डोंगरावर ती फुलपाखरं उतरतात ना? लग्नाआधी एकदा दाखव की." नाही म्हणायला सेनाइदाला कारण सुचलं नाही.

तिची आई एर्मेलिंदा त्याच डोंगरावर पाहुण्यांना वाट दाखवायची. गावातल्या बायका ते काम पाळीपाळीनं करत. आज आईची पाळी नसेल, एवढ्या आशेवर सेनाइदा गाडीत बसली. गाडी तिचा होणारा नवरा उलिसेस चालवत होता. वाटेत तो दोनदा म्हणाला, "गप्प का गं?" वळणांनी मळमळतंय, असं तिनं सांगितलं.

अभयारण्याच्या फाटकापाशी लाकडाचा धूर पसरला होता. बायका निळ्या मक्याच्या भाकऱ्या थापत होत्या. दोन्या लिओनोर गुडघे चोळत गाडीतून उतरते न उतरते, तोच गर्दीतून आई येताना दिसली. दाट चुण्यांचा गुलाबी घागरा, त्यावर भरतकाम केलेला एप्रन, पायांत फाटके बूट. दोन्ही हात पसरून, हसत, ती सरळ सेनाइदाकडेच येत होती.

"ही कोण गं?" दोन्या लिओनोरनं विचारलं.

"वाट दाखवणारी बाई," सेनाइदा म्हणाली.

आईचे हात हवेतच थांबले. मग खाली आले आणि तिनं ते एप्रनला पुसले. "चला बाईसाहेब," ती म्हणाली. "चढ आहे, दमानं चला."

सेनाइदाचे कान तापले. आईनं निभावून नेलं म्हणून तिला हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याची शरम अंगावर काट्यासारखी उभी राहिली. सगळा चढ ती आईच्या बुटांकडे बघत चढली. डावी टाच उसवली होती. रिकामे खिसे चाचपावेत तशी ती मनात शब्द शोधत होती. वर गेलं की आईला बाजूला घ्यायचं, माफी मागायची. पण वर बोलायची मनाई होती. दोरी लावलेल्या जागेपाशी सगळी माणसं मुकी उभी होती.

ओयामेलच्या उंच, देवदारासारख्या झाडांना पानं दिसत नव्हती. फांद्या फुलपाखरांच्या घोसांनी वाकल्या होत्या, मिटलेल्या पंखांचे मळकट तपकिरी घोस. मग ढग सरला, ऊन पडलं, आणि घोस पेटल्यासारखे उघडले. हवेत सुक्या कणसांची सालं कुणी लांबवर सोलावीत तसा आवाज भरला. आई चार पावलांवर होती. सेनाइदानं तिच्याकडे पाहिलं, ओठांनीच 'आई' म्हटलं. आईनंही पाहिलं. तिचे डोळे ओले होते.

तेवढ्यात वरून फुलपाखरांचा एक लोट खाली आला आणि त्या दोघींमधूनच वाहू लागला. इतका दाट, की पलीकडचा गुलाबी घागराही दिसेना. सेनाइदाच्या गालाला पंख घासत होते, ओठांवर बसत होते. तोंड उघडायची तिला भीती वाटली.

लोट ओसरला. आई तिथंच उभी होती, तिच्याकडेच बघत. पण पाहुण्याकडे बघावं तसं, अदबीनं.

उतरताना आईनं तिला विचारलं, "पहिल्यांदाच आलात का इकडं?"

"असं नको ना बोलूस," सेनाइदा पुटपुटली.

"पाय सरकला का? हात धरा माझा." आईनं तिचा हात धरला, सपाटीवर येताच सोडून दिला.

दोन्या लिओनोरला ती बाई आवडली. "गावातच जायचंय ना? बसा की गाडीत," ती म्हणाली. गाडीत दोघी गुडघेदुखीवर भरभरून बोलल्या. आंगांगेओच्या चौकात आई उतरली, सगळ्यांना दुवा देऊन चढाच्या गल्लीत शिरली. सासू आणि उलिसेस देवळात गेले. डोकं दुखतंय, जरा पाय मोकळे करते, असं सांगून सेनाइदा आईच्या मागोमाग पळाली.

दार उघडंच होतं. चुलीवर कॉफी उकळत होती.

"आई, चुकले मी," ती दारातूनच म्हणाली. "तोंडावर मार हवं तर. पण हे नको."

एर्मेलिंदानं घाईघाईनं खुर्ची पुढे केली. "बसा, बसा. धाप लागलीय तुम्हाला. हरवलं का काही?"

सेनाइदा मासावा बोलीत बोलायला लागली. घरात दोघी तीच बोलायच्या, शहरात तिनं ती कधी तोंडातून काढली नव्हती. जे जे आठवलं ते सगळं बोलली. एर्मेलिंदा थक्क होऊन ऐकत राहिली.

"आमची बोली काय छान येते हो तुम्हाला," ती म्हणाली. "कुणी शिकवली?"

कुंपणापलीकडून शेजारीण ओरडली, "कोण आलंय गं?"

"पाहुणी आहे. वाट चुकली बिचारी."

सेनाइदानं आतल्या खोलीत पाहिलं. तिच्या खाटेच्या जागी छतापर्यंत मक्याची कणसं रचली होती. खालच्या कणसांवर कोळ्यांची जुनी जाळी होती.

"तुम्हाला मुलगी नाही?" तिनं विचारलं. आवाज तिचा तिलाच ओळखू येईना.

एर्मेलिंदा हसली. कुचकं नाही, अगदी मनापासून. "मुलगी असती, तर या वयात असल्या बुटांनी डोंगर चढले असते होय?"

 पुढ्यात ठेवलेली कॉफी तशीच सोडून सेनाइदा उठली. एर्मेलिंदा दारापर्यंत आली आणि चौकाकडची वाट हातानं दाखवून परत आत गेली.

चौकात दोन्या लिओनोर कारंज्यापाशी बसली होती. "ये, इथं बस. सकाळपासून बघतेय, कान ओकेबोके तुझे," ती म्हणाली. तिच्या तळहातावर चांदीची कर्णफुलं होती. "इथल्याच खाणीची चांदी म्हणे. मान वळव."

सेनाइदानं मान वळवली. तान्ही असताना आईनंच तिचे कान सुईनं टोचले होते, ती हलली म्हणून डावं भोक जरा खाली गेलेलं. आरशात बघताना तिला रोज ते खटकायचं.

दोन्या लिओनोर खटपट करत होती. मग तिनं चष्मा लावला, दुसरा कान पाहिला.

"अगं, भोकंच नाहीत की," ती म्हणाली. "लहानपणी टोचले नव्हते का तुझ्या आईनं?"