अळूवडीचा साचा

मिरजेच्या हृदय-प्रयोगशाळेत त्या सकाळी शार्दूल घोरपडेने आपल्या सासऱ्यांना खोटं पाडायची जय्यत तयारी केली होती. गंजवाचक यंत्र तापलं होतं, अण्णांचं रक्त त्यात भरलं होतं, आणि साक्षीला सासूबाई खुर्चीत बसल्या होत्या, पर्स मांडीवर घट्ट धरून.

अण्णांच्या हृदयाच्या वाहिन्या तुंबल्या होत्या. त्या साफ करणारी गंजमोचक लस शार्दूलच्याच हाती होती. पण नियमही त्याचाच होता: पथ्याबाबत खोटं बोलणारा रुग्ण बाद. अण्णा शपथेवर सांगत होते, वर्षभर तळलेलं तोंडात घातलं नाही. शार्दूलची खात्री होती की कोपऱ्यावरच्या भज्यांच्या गाडीशी अण्णांचं सूत जुळलंय.

"म्हणजे हे यंत्र माझी चुगली करणार?" अण्णांनी विचारलं.

"यंत्र नाही, तुमचं रक्त," प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉक्टर उर्मिला खानविलकर म्हणाल्या. "रक्तातल्या कोलेस्टेरॉलच्या कणांना लोखंडासारखा गंज चढतो. पुन्हापुन्हा तापवलेलं तेल पोटात गेलं की जास्तच. शरीराला ते गंजकण परके वाटतात, म्हणून ते त्यांच्यावर प्रतिपिंडं सोडतं. ही प्रतिपिंडं साच्यासारखी असतात; ज्या तेलाने गंज चढवला, बरोबर त्याच्याच मापाची. तेलात काय तळलं होतं, तेसुद्धा साच्यात उमटतं."

"बाप रे. पोटातच सीआयडी!"

तुलनेला शार्दूलने स्वतःचं रक्त ठेवलं होतं. ते नितळ होतं, आणि हे तो घरी आलेल्या पाहुण्यांनाही सांगत असे.

गंजवाचकाने अण्णांचा निकाल दिला. पडद्यावर एकच शब्द उमटला: अळूवडी.

हा शब्द त्या खोलीत इतक्या गांभीर्याने यापूर्वी कुणी वाचला नव्हता.

"भज्यांची गाडी अळूवड्या कधीपासून विकायला लागली?" उर्मिलांनी विचारलं.

"अहो, हे अळूला हातसुद्धा लावत नाहीत," सासूबाई म्हणाल्या. "घसा खाजतो यांचा. अळूवड्या मी करते त्या शार्दूलरावांसाठी. दर रविवारी येतात ना जेवायला."

"आणि तळून उरलेलं तेल?"

"आठवडाभर त्याच कढईत आमच्या फोडण्या. एवढं तेल काय ओतून द्यायचं?" मग त्या घाईघाईने शार्दूलकडे वळल्या. "तुमच्या पानात त्यातला थेंब नाही गेला हं! तुमच्यासाठी दर खेपेला नवी पिशवी फोडते."

शार्दूलच्या कानाच्या पाळ्या तापल्या. दर रविवारी शेवटची कुरकुरीत वडी उचलता उचलता तो अण्णांना पथ्यावर व्याख्यान देत असे. अण्णा समोर बसून निमूट दुधी खात असत. फोडणीचा दुधी.

"म्हणजे काय निघालं हो?" सासूबाईंचा चेहरा हळूहळू उतरत चालला होता. "माझ्या हातून काही..."

"निघायचंय काय!" अण्णा मोठ्याने म्हणाले. "गाडीवर नवा माणूस आलाय. अळूवड्या तळतो. खाल्ल्या मी. पकडलं जावईबापूंनी."

"या वयात लाज नाही वाटत?" सासूबाई कडाडल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर पुन्हा रंग आला. "म्हणूनच घसा खाजत होता परवा!"

अण्णांनी गुन्हेगारासारखी मान खाली घातली. शार्दूलची आधीच खाली होती.

"आई," तो म्हणाला, "येत्या रविवारपासून तळण नको. आणि मलाही अण्णांच्याच कढईतली भाजी वाढा."

"अगं बाई! जावयाला जुन्या तेलातलं?"

"तीच वाढा."

"मग काय, सगळ्यांनाच ताजं घालायला हवं," त्या पुटपुटल्या. "तुमच्या नादाने यांचे लाड!" आणि पाणी प्यायला बाहेर गेल्या.

उर्मिलांनी चष्मा काढला. "शार्दूल, आता मात्र रुग्ण खरोखर खोटं बोललाय. माझ्यादेखत. तुझा नियम काय म्हणतो?"

शार्दूलने नियम मनातल्या मनात म्हणून पाहिला. पथ्य मोडून 'पाळलं' म्हणणाऱ्यांचा त्यात कडक बंदोबस्त होता. पथ्य पाळून 'मोडलं' म्हणणारा माणूस त्याला नियम करताना सुचलाच नव्हता.

"लस द्या इकडे, मॅडम," तो म्हणाला, आणि अण्णांच्या तोंडाकडे न बघता त्यांची बाही वर सारू लागला.