समुद्रकाठची कमान

देवळाच्या कमानीबाहेर बुटांचा जोड नीट काढून ठेवलेला बघितला आणि मृणालिनीला हसू आलं. इथे परदेशात येऊन वसलेल्या जपानी कोळ्यांनी शंभर वर्षांपूर्वी बांधलेलं हे समुद्रकाठचं, त्यांच्या शिंतो धर्माचं देऊळ. इथल्या अंगणात बूट काढायची रीतच नाही. काढणारा आपल्याकडचाच कुणीतरी...

तो ओल्या खड्यांवरून लंगडत चालला होता.

"बूट घाला हो. इथे चालतात."

"देवळात?" तो थबकला. "आणि मी मराठी, हे कशावरून?"

"बॅकपॅकला गणपती लटकतोय. शिवाय लंगडताना 'आई गं' म्हणालात."

तो क्षितिज. नागपूरचा, इथे जवळच्या सरे शहरात सॉफ्टवेअरमध्ये. तिने त्याला पाण्याने हात धुवायला शिकवलं, दोनदा वाकून दोन टाळ्या वाजवून पुन्हा एकदा वाकायला शिकवलं. तो तिसरी टाळी वाजवून मोकळा झाला.

"आरती नाहीये ही," ती म्हणाली. मग जरा थांबून, "कमान पाहिलीत? वादळात पडली होती. आमच्या क्रूने उभी केली. मी सुतार आहे."

आता याचाही चेहरा पडणार, ठरलेलं. मागचं स्थळ म्हणालं होतं, घरी आपण 'डिझायनर' सांगू. तिने हनुवटी वर केली.

क्षितिज मात्र कमानीकडे गेला, त्याने देवदाराच्या सांध्यावरून बोट फिरवलं. "खिळा कुठाय?"

"नाहीये."

"एकही?" त्याने तिच्याकडे असं पाहिलं की... तिने घाईघाईने समुद्राकडे पाहिलं.

हिवाळाभर तो तिला भेटत राहिला. एप्रिलमध्ये दोघं पुन्हा इथे आले, तेव्हा भुरभुर पाऊस होता. क्षितिजने नागपूरला व्हिडिओ कॉल लावला. मृणालिनी त्याच्या तोंडाकडे बघू लागली. हा काय सांगतो?

"आई, ही मृणालिनी. सुतारकाम करते. मागे कमान दिसतेय ना, ती हिने घडवलीय." मग तो फोन तसाच धरून तिच्याकडे वळला. "आणि मला हिच्याशी लग्न करायचंय. हिला अजून विचारलं नाहीये... आत्ता विचारतोय."

मृणालिनीने मान खाली घातली नाही.

"सुतार?" आई चष्मा सावरत म्हणाल्या. "खरीखुरी? अगं, मग आमच्या देवघराचं दार बघ ना. दोन वर्षं लागत नाहीये. हा इंजिनिअर नुसता तेल घालून गेला."

क्षितिज अजून तिच्या उत्तराची वाट बघत होता.

"पावसाने फुगलं असेल," मृणालिनी म्हणाली. "डिसेंबरात येते, रंधा घेऊनच येते... आई."