शेवटच्या सरीची हाक

उसाला पाणी देणं हे एकट्याचं काम नव्हे. एक माणूस पाटातून फुटलेल्या चारीच्या तोंडाशी फावडं घेऊन दारं धरतो, म्हणजे उसाच्या ओळींमधली एक सरी फोडून पाणी आत घेतो. दुसरं माणूस सरीच्या पार शेवटाला उभं राहतं. ऊस डोक्याच्या वर गेला की या टोकाचं त्या टोकाला दिसत नाही. म्हणून पाणी शेवटाला भिडलं की तिकडून हाक यायची, "पोचलं!" मग इकडचा माणूस ती सरी मातीने बुजवायचा आणि शेजारची फोडायचा. कोल्हारच्या अलीकडे, प्रवरेच्या पाटावर, पिढ्यान् पिढ्या हे असंच चाललेलं.

चौऱ्याहत्तरच्या जानेवारीत सूर्यभानच्या मळ्यात पाण्याची पाळी आली. मळा म्हणजे अठरा एकर ऊस, वडील साखर कारखान्याचे डायरेक्टर, आणि सूर्यभान स्वतः पुण्याला दोन वर्षं वकिली शिकून, ती अर्धवट टाकून परतलेला. भुताखेतांवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. त्या दिवशी तो बांधावर खाट टाकून ट्रान्झिस्टर ऐकत पडला होता आणि जुना गडी भीमा दारं धरत होता. शेवटाला उभी राहणारी छबूबाई तापाने पडलेली, पण तिकडून हाका वेळेवर येत होत्या. भीमाने कुणाला तरी उभं केलं असेल, असं धरून सूर्यभान निवांत होता.

दुपारी भाकरी सोडताना भीमा म्हणाला, "मालक, बाई लई गुणाची आणली. टोकाला पानी टेकलं की हाक. एक थेंब वाया न्हाई."

"मी कुठं आणली? तूच आणली असशील."

"म्या? म्या न्हाई बा."

दोघंही उसाच्या कडेने शेवटापर्यंत चालत गेले. तिथे कुणी नव्हतं. शेवटची सरी काठोकाठ भरली होती आणि भोवतीच्या मऊ चिखलात एकही पाऊल उमटलं नव्हतं. भीमा पागोट्यात बोट घालून डोकं खाजवत राहिला. सूर्यभान मात्र परत येऊन ट्रान्झिस्टर बंद करून बसला. कारण ट्रान्झिस्टरच्या नादात जो आवाज त्याने दिवसभर नुसता कानावरून जाऊ दिला होता, तो आता आठवत होता. शेवटचं अक्षर किंचित वर उचलून सोडणारा. तशी हाक त्याच्या मळ्यात एकाच बाईने दिली होती, आणि तिला मरून नऊ महिने झाले होते.

साळूबाई कर्जतकडची. बहात्तरच्या दुष्काळात तिकडे प्यायला पाणी राहिलं नाही, तेव्हा नवरा खडी फोडायला कुठल्याशा कामावर गेला आणि ही चार बायांबरोबर बागायती मुलखात आली. सूर्यभानने तिला शेवटाला उभी केली. कामाला चोख होती. त्र्याहत्तरचा चैत्र असा पेटला होता की दुपारी झाडाखालीसुद्धा बसवेना. रस्त्याखालून चारीचं पाणी नेणारी सिमेंटच्या नळ्याची मोरी होती, ती कोरडी पडलेली. सूर्यभाननेच तिला म्हटलं होतं, "इथं गार हाय, झोप बिनधास्त. सोमवारपर्यंत पानी येत न्हाई." आणि गुरं चारीत उतरू नयेत म्हणून मोरीच्या मळ्याकडच्या तोंडाला बाभळीच्या काटेरी फांद्या त्यानेच कोंबून ठेवल्या होत्या.

शनिवारी दुपारी त्याचे दोन मित्र आले. सहादेव हा रस्त्याच्या कंत्राटदाराचा मुलगा, जीप घेऊन हिंडायचा. योहान नव्यानेच डॉक्टर झालेला, वडिलांच्या दवाखान्यात बसायचा. तिघं एका बाकावर शिकलेले. बीअरच्या बाटल्या उघडल्या, आणि सहादेवने वाळत चाललेल्या उसाकडे बघून टर उडवली, "डायरेक्टरचा ऊस आणि पाटकऱ्याच्या किल्लीची वाट बघतो! शरम वाटत नाही?"

पुढचं सगळं हसण्यावारी झालं. पाटाच्या गेटला पाणी सोडणारा सरकारी पाटकरी कुलूप लावून जायचा. जीपमधली लोखंडी टॉमी काढून सहादेवने ते तोडलं, तिघांनी मिळून चाक फिरवलं, आणि पाटाचं गढूळ पाणी धाडकन चारीत उतरलं. तिघंही टाळ्या पिटत होते. तेवढ्यात रस्त्याच्या बाजूने कुणी तरी ओरडलं, "बंद करा! बंद करा वो!"

"पाटकरी आला," सहादेव म्हणाला. "पळा."

ते पळाले. गेट उघडं राहिलं. जीपच्या मागच्या सीटवर सूर्यभान गप्प बसून होता. तो आवाज पाटकऱ्याचा नव्हता हे तिघांपैकी त्याला एकट्याला ठाऊक होतं. जीप थांबव, एवढे दोन शब्द होते. ते तोंडाशी येईपर्यंत वळण आलं, मग चहाचं दुकान आलं, मग आता उशीर झाला असं वाटलं, आणि मग ते खरंच झालं.

संध्याकाळी साळूबाईचं प्रेत बाहेर काढलं. भोवळ येऊन पाण्यात पडली असं योहानने लिहून दिलं. ती मोरीत झोपली होती हे कळल्यावर तो दोन दिवस जेवला नाही, पण लिहिलेलं फिरवलंही नाही. कुलपाचे तुकडे सहादेवने प्रवरेत फेकले. गेट उघडं टाकल्याचा ठपका पाटकरी छगनवर आला आणि त्याला कामावरून घरी बसवलं. नवरा तिसऱ्या दिवशी पोचला. पायाला चिंध्या बांधलेल्या. त्याने कुणालाही दोष दिला नाही. एवढंच विचारलं, "जेवली व्हती का ती?" या प्रश्नाचं उत्तर त्या मळ्यात कुणालाच माहीत नव्हतं, कारण ते कुणी कधी बघितलंच नव्हतं.

फेब्रुवारीत दुसरी पाळी आली. छबूबाई आता बरी होती, तिला शेवटाला उभं केलं. तासाभरात ती धापा टाकत परत आली.

"मालक, दुसरं मानूस लावलंय तर मला कशाला उभी करता?"

"कुठंय दुसरं मानूस?"

"उसात. मधीच. मी तोंड उघडायच्या आत वरडती ती."

सूर्यभानने कान दिला. भीमाने नवी सरी फोडली. पाणी सळसळत आत गेलं. आणि "पोचलं!" अशी स्वच्छ हाक आली. शेवटाकडून नव्हे, उसाच्या मधून, निम्म्या अंतरावरून. भीमाने फावडं तिथेच टाकलं.

"मला न्हाई जमायचं मालक. दुसरा गडी बघा." वीस वर्षांत त्याने कामाला पहिल्यांदा नाही म्हटलं होतं.

त्या आठवड्यात योहान आला. मित्रांचं येणं-जाणं अजून होतं, पण आता ते एकमेकांवर नजर ठेवण्यापुरतं उरलं होतं. कोण ढिला पडतो, हे बघायला सहादेव दर रविवारी न चुकता पत्ते खेळायला यायचा. योहान मात्र सहादेवला चुकवून आला. छगनची खात्याकडून चौकशी लागली होती आणि साक्षीला सूर्यभानचं नाव होतं.

"खरं सांगून टाक," योहान म्हणाला. "मीही सांगतो. छगनची पोरं लोकांच्या शेतात ज्वारीचं सरमाड वेचतात रे. त्याची बायको दवाखान्यात फरशी पुसायला येते, मला वर बघवत नाही."

"तुझी डॉक्टरकी जाईल. माझ्या बापाचं नाव जाईल."

"सूर्या, त्या दिवशी ओरडला तो पाटकरीच होता ना? मला हल्ली वाटतं, तो आवाज बाईचा होता."

सूर्यभानने त्याच्या डोळ्यांत बघून सांगितलं, "पाटकरीच होता."

योहानच्या खांद्यावरचा ताण उतरल्यासारखा झाला. त्याला हेच ऐकायचं होतं. लाज वाटावी असा सुटकेचा श्वास त्याने सोडला आणि चहा मागितला. महिनाभराने तो नागपूरकडे नोकरीला निघून गेला.

चौकशी पाटबंधारे खात्याच्या बंगल्यात, सकाळी अकराला झाली. चाफ्याखाली छगन उकिडवा बसला होता. सूर्यभानला बघून तो उठला आणि त्याने हात जोडले. आत साहेबांनी विचारलं तेव्हाही तो एवढंच म्हणाला, "मी कुलूप लावलं व्हतं साहेब. पर मालक तिथं व्हते. मालक सांगतील ते खरं."

एका वाक्याचं काम होतं. आणि वाक्य तोंडात येतंय असं सूर्यभानला वाटलंही. मग सहा आठवड्यांनी येणारी कारखान्याची निवडणूक आठवली, वडिलांच्या जागी लागणारं आपलं नाव आठवलं, आणि पाळण्यातला अडीच महिन्यांचा मुलगाही आठवला. मुलाचं नाव पुढे केलं की कुठलीही नीचपणाची गोष्ट कर्तव्यासारखी दिसते.

"मी गेलो तेव्हा गेट उघडंच होतं," तो म्हणाला. "कुलूप नव्हतं."

त्याने सही केली. खोलीच्या पाठीमागून कुणी तरी हाक देईल म्हणून त्याची मान ताठरली होती. कुणीही दिली नाही. बाहेर छगनने त्याला पुन्हा नमस्कार केला, सवयीने.

मार्चच्या मध्याला तिसरी पाळी आली. गडी कुणी मिळेना. बायाही त्या मळ्यात शिरायला तयार नव्हत्या. सूर्यभान स्वतः फावडं घेऊन चारीवर उभा राहिला. दुपारचे दोन वाजले असतील. त्याने सरी फोडली. पाणी आत शिरलं.

हाक आली नाही.

त्याला मोकळं वाटलं. साक्ष झाली, सही झाली, प्रकरण मिटलं. तिलाही कळलं असेल, असं एक वेडगळ वाक्य त्याच्या मनात आलं आणि तो स्वतःशीच हसला. सरी भरेपर्यंत तो थांबून राहिला. अर्धा तास झाला. तास झाला. एव्हाना दोन सऱ्या भरायला हव्या होत्या. पाणी आत जातच होतं.

तो उसाच्या कडेने शेवटाला गेला. सरी कोरडी होती. मातीला भेगा होत्या. तो सरीत उतरून मधून परत चालत आला. निम्म्यावरही कोरडी. तोंडापासून दहा पावलांवरसुद्धा धूळ. तरी चारीतून पाणी फसफसत आत घुसत होतं.

मग ते जात कुठे होतं?

त्याने मळ्यातल्या घराकडे बघितलं. घर चारीपासून पुरुषभर उंचावर होतं. तिथे पाणी चढणं शक्य नव्हतं. वकिली शिकलेल्या माणसाने हे मनाशी नीट मांडलं, दोनदा मांडलं, आणि मग तो धावत सुटला.

मुक्ता, त्याची बायको, अंगणात खाटेवर कुरडया वाळत घालत होती. अंगण कोरडं ठणठणीत होतं. त्याला धापा टाकताना बघून ती घाबरली.

"अहो, काय झालं?"

"बाळ कुठंय?"

"झोपलंय आत. केव्हाचं रडत होतं, ऐकेचना. मग ती तुमची बाई आली, तिनं घेतलं तसं गपच झालं बघा."

"कोण बाई?"

"मला काय ठाऊक? तुम्हीच धाडली ना? दमलेली होती बिचारी, लुगडं सगळं ओलं. म्हणाली, मालक म्हनले, तिथं गार हाय, झोप बिनधास्त." मुक्ताने कुरडईचा सोऱ्या खाली ठेवला. "जेवतेस का विचारलं, तर नुसती हसली. बाळाला कुशीत घेऊन मधल्या खोलीत पडलीय."

मधल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. सूर्यभान उंबऱ्यापर्यंत गेला. दाराच्या फटीखालून गढूळ पाणी उंबऱ्याला लागत होतं.

त्याने तोंड उघडलं. बंद करा, असं त्याला ओरडायचं होतं. पण कुणाला सांगणार? चारीवर दारं धरायला तो स्वतःच होता, आणि सरी त्यानेच उघडी टाकली होती.

आतून हाक आली. मूल जागं होऊ नये अशा बेताने, अगदी हळू, शेवटचं अक्षर किंचित वर उचलून.

"पोचलं."