उत्रोली फाट्यावरचा पिवळा दिवा

त्या संध्याकाळी भोरच्या घराच्या अंगणात रफीकनं आपल्या जुन्या गाडीला इंडिकेटरचे एलईडी बल्ब बसवले. बल्ब त्याच्या मुलीनं, बिलकीसनं आणले होते. बटण दाबताच भिंतीवर पिवळा उजेड पाखरासारखा फडफडू लागला. तांदळाची पोती उतरवणारा टेम्पोवाला गेनू हसला.

"चाचा, दिव्याला थंडी वाजतीया व्हय?"

"हा बल्ब करंट कमी खातो. दिवा लुकलुकवणाऱ्या फ्लॅशरला वाटतं बल्ब गेलाय, मग तो बोंब मारतो," रफीक म्हणाला. "उद्या करतो त्याला शहाणा."

दुसऱ्या दिवशी दुपारी उत्रोली फाट्यावर तो उजवीकडे वळत असताना मागून गेनूचा टेम्पो येऊन आदळला. रफीक जागीच गेला.

तीन आठवड्यांनी बिलकीस सुलक्षणाकडे आली. सुलक्षणा खासगी तपासाची कामं करायची.

"गेनू म्हणतो, इंडिकेटरनं फसवलं. बल्ब मी आणले होते, ताई. अब्बा माझ्यामुळे गेले का, एवढंच सांगा."

सुलक्षणा मदतनीस सोनबाला घेऊन आधी गेनूकडे गेली.

"फाट्यावर लाईट दिसला?"

"दिसला की! लई जोरात फडफडत व्हता. म्हनलं बिघडलाय, चाचा सरळच जानार. म्हनून म्या उजवीकडनं पुढं काढली."

"बल्बनंच घात केला म्हणायचा," वाटेत सोनबा म्हणाला. सुलक्षणा खिडकीबाहेर भाताच्या खाचरांतलं आभाळ बघत राहिली.

कापूरहोळचा गाड्यांचा वायरमन झुल्फिकार म्हणाला, "रफीकचाचा त्या दिवशी सकाळी आल्ते. एवढीशी डबी बसवून घेतली नि गेले. च्या बी न्हाई घेतला. म्हनले, पोरीनं आनलेले बल्ब मातर काढायचे न्हाईत."

अपघातानंतर रफीकच्या अंगणात ताडपत्रीखाली ठेवलेल्या गाडीला कुणी हात लावला नव्हता. सोनबानं बॅटरी जोडली. उजवा दिवा फुटला होता. डावा लागला. टिक... टिक... भिंतीवर उजेड सावकाश उमलत होता, मिटत होता.

सुलक्षणानं गेनूला तिथंच बोलावून घेतलं.

"बघ. फडफडतोय?"

"पन ह्यो डावा हाय. फाट्यावर उजवा व्हता," गेनू म्हणाला.

"दोन्ही बाजूंना फ्लॅशर एकच असतो. ती डबी म्हणजे एलईडीला चालणारा नवा फ्लॅशर. तो सकाळीच बसला, त्यामुळे दुपारी दिवा फडफडणं शक्यच नव्हतं. तू सांगितलीस ती फडफड आदल्या संध्याकाळची, या अंगणातली. फाट्यावर तू दिव्याकडे बघितलंच नाहीस."

"आयला, खरंच की!" सोनबा पुटपुटला.

"मोबाईल... पुतनीचा व्हिडिओ आल्ता," गेनू म्हणाला. "भ्यालो, बाई, म्हनून खोटं बोललो."

"चल, चौकीत हेच सांगायचं," सुलक्षणा म्हणाली.

सगळे गेल्यावर बिलकीस गाडीत, अब्बांच्या शेजारच्या सीटवर बसली.

"अब्बा," मग ती मोठ्यानं म्हणाली, "मी काळजीनं नव्हते आणले बल्ब. जुने दिवे दिसायचे नाहीत, म्हणून तुम्ही वळताना खिडकीतून हात काढायचात. मैत्रिणींपुढं मला त्याची लाज वाटायची."