रिकाम्या पाळण्यातला ठोका

योगेंद्रनं पाठवलं ना तुम्हाला, ऑपरेशनसाठी माझी समजूत घालायला? घाला. मेहुणा आहे माझा, त्याला काळजी वाटणारच. पण आधी बसा, आणि टेबलाखालच्या त्या वायरवर पाय देऊ नका. सवयीनं म्हणतो. तिला आता तसा काही अर्थ राहिलेला नाही, पण ते शेवटी सांगेन.

सन दोन हजारचा उन्हाळा होता. वर्ध्यात, याच खोलीत, मी आणि अण्णाजी मॉड्यूल तपासायचो. सोनोग्राफीच्या मशीनमधलं चित्र टीव्हीवर पाठवणारी काड्यापेटीएवढी कार्डं असतात, ती. पुण्याहून खोकी भरून यायची. टेबलावर एक हिरवा बोर्ड होता, त्याला आम्ही पाळणा म्हणायचो. मॉड्यूल त्यात अलगद बसवायचं, करंट द्यायचा, छोट्या काळ्या-पांढऱ्या टीव्हीवर पट्टे उमटले की माल पास. मग आधी करंट बंद, आणि नंतरच मॉड्यूल उचलायचं. अण्णाजी वयानं मोठे आणि या बाबतीत फार खडूस.

"रिकाम्या पाळण्याले करंट देऊ नोको," ते म्हणायचे. "बोर्ड जळते. अन् घरी बी आपण रिकामा पाळणा हालवत नाई. कोण येऊन निजन, सांगता येत नाई."

मी हसायचो. विजेला कुठे आलाय शकुन-अपशकुन.

माझी बायको हर्षा पहिल्या बाळंतपणाला माहेरी, तळेगावला गेली होती. दिवस भरायला अजून बराच अवकाश होता. त्या दुपारी कूलर खडखडत होता, खोलीत सोल्डरच्या तापलेल्या राळेचा वास कोंडला होता. मी मॉड्यूलला हात घातला आणि फोन वाजला. हातात मॉड्यूल तसंच उपसून मी धावलो. करंट चालूच राहिला.

योगेंद्र होता. मागं जीपचा आवाज.

"भाऊजी, ताईच्या पोटात दुखून राह्यलं जी. आर्वीले दवाखान्यात आणलं. डॉक्टरीनबाई तपासून राह्यली... मी सांगतो."

परत आलो तर टीव्हीवर चित्र होतं. पाळणा रिकामा, मॉड्यूल माझ्या हातात, आणि पडद्यावर राखाडी धूर. धुराच्या मधोमध एक पांढरा ठिपका, लुकलुकणारा. मी तो ओळखला. गेल्या महिन्यात सोनोग्राफीच्या वेळी डॉक्टरीणबाईंनी मला बोट ठेवून दाखवला होता. हा बाळाचा ठोका, म्हणाल्या होत्या.

काहीतरी बिघाड असेल म्हणून मी बटण बंद केलं. ठिपका विझला. मी घाईनं बटण पुन्हा चालू केलं. बराच वेळ नुसता धूर. मग ठिपका आला, अडखळत.

फोन वाजला.

"भाऊजी..." योगेंद्र रडत होता. "मधात ठोकाच गेलता जी. डॉक्टरीनबाई म्हणे, काई खरं नाई. आताच लागला पुन्हा."

अण्णाजी पाणी पिऊन आत आले, आणि पडदा पाहून तिथंच उभे राहिले.

"काऊन चालू ठेवला?" ते हळूच म्हणाले. "बंद कर लेका."

"नाई करत."

मी फोनवरचं सांगितलं. मग त्यांनी घड्याळाकडं पाहिलं, आणि मीही पाहिलं. लोडशेडिंगची वेळ झाली होती.

आर्वीला जाऊन हर्षाचा हात धरावा, असं फार वाटत होतं. पण जाणार कसा? बायको तिकडं तडफडतेय आणि नवरा इकडं एका बोर्डाची राखण करतोय. लाईट गेली. कूलर घरघरत थांबला. जुना यूपीएस टीं... टीं... करायला लागला. ठिपका फिका पडत चालला होता, आणि मी दोन्ही हात टेबलावर टेकून त्याच्याकडं नुसता बघत होतो. दुसरं काहीच करता येत नव्हतं. अण्णाजी शेजारच्या गॅरेजमधून ट्रॅक्टरची बॅटरी पोटाशी धरून घेऊन आले, तेव्हा यूपीएसचा आवाज एकसारखा झाला होता, म्हणजे तो संपतच आला होता. त्यांनी भराभर वायरी जोडल्या.

संध्याकाळी मयुरी झाली. मूठभर, पण जिवंत.

तेव्हापासून हा पाळणा मी बंद केलेला नाही. धंदा मोडला, अण्णाजी गेले, टीव्ही दोनदा बदलला. इन्व्हर्टरवर इन्व्हर्टर घेतले. कुणाच्या लग्नाला मुक्कामी गेलो नाही. हर्षा म्हणते, तुम्हाला वेड लागलंय. तिला काही सांगितलं नाही, आणि मयुरीला काय सांगणार? आता चौथीत आहे ती.

गेल्या पोळ्याला टेबल झाडायला सरकवलं, तेव्हा बोर्डाला करंट देणारी ती वायर पाहिली. उंदरांनी कुरतडून तिचे दोन तुकडे केलेत. तुटल्या जागी धूळ बसली होती, म्हणजे बरेच दिवस झाले असणार. बोर्डात करंट नाही, आणि पडद्यावर ठिपका चालूच. मग कशावर चालतोय? घाबरलो की मी मनगट दाबून धरतो, तसं धरलं. नाडी आणि ठिपका, दोन्ही बरोबर पडत होते.

तेव्हापासूनच छातीचं दुखणं लागलं. नागपूरचे डॉक्टर भले माणूस आहेत, नीट समजावून सांगितलं. ऑपरेशन सोपं आहे म्हणाले, फक्त त्या वेळी हृदय थोडा वेळ थांबवून ठेवावं लागतं.

आता सांगा, कसं हो म्हणू? आणि नाही म्हणालो तरी हे हृदय दोघांना किती दिवस ओढणार?

जरा अंगणात जाऊन मयुरीला थांबवता का? दोरीवरच्या उड्या मारतेय केव्हाची. मला इथं बसल्या बसल्या... धाप लागलीय.