पिराजीरावांची कॉमेंट्री

उचगावला शालूबाईंच्या घरी दीक्षा गेली ती अगदी साध्या कामाला. कॉम्प्युटरला फॉरमॅट मारायचा, नवी विंडोज टाकायची, चहा घ्यायचा आणि उजेड असेतोवर राजारामपुरीतल्या आपल्या दुकानात परत यायचं. २००४ साल होतं. त्या वर्षी कोल्हापुरात ज्याच्या-त्याच्या घरी व्हायरस शिरला होता, आणि दीक्षाच्या पिशवीत विंडोजची सीडी सदा तयार असायची.

फोन शालूबाईंच्या मुलानं, संग्रामनं, पुण्याहून केला होता. "काहीच ठेवू नका. सगळं पुसा," तो म्हणाला. मग जरा थांबून, "आई काय बी सांगंल. तुम्ही मनावर घेऊ नका."

शालूबाई दारातच उभ्या होत्या. अंगानं आडव्या, आवाजानं त्याहून मोठ्या.

"ये की पोरी! आधी फॉरमॅट मारतीस का आधी च्या मारतीस?"

दीक्षाला हसूच आलं. कॉम्प्युटर घराच्या पुढच्या सोप्यात होता, लेसच्या रुमालानं झाकलेला. वर भिंतीवर पिराजीरावांचा हार घातलेला फोटो. गुलाबी फेटा, हातात माइक. पंचक्रोशीत कुस्तीचं मैदान भरलं, की कॉमेंट्रीला शालूबाईंचे हे मालकच असायचे. त्यांचा आवाज चढला, की शेंगा विकणारा शेंगा मोजायचं विसरायचा. मागच्या उन्हाळ्यात ते गेले. त्याआधी संग्रामनं हौसेनं हेडफोनचा माइक लावून त्यांची कॉमेंट्री ह्या कॉम्प्युटरमध्ये भरून ठेवली होती.

"मग ती सीडीवर काढून देऊ का, मावशी?" दीक्षा म्हणाली. "एकदा पुसलं की परत मिळायचं नाही."

"ते जुनं संग्रामनं सीडीवर काढून ठेवलंय. त्याचं काय न्हाय गं." शालूबाई समोर बसल्या आणि पहिल्यांदाच हळू बोलल्या. "ह्ये नवीन बोलाय लागल्यात."

झालं होतं ते असं. सून निशा दिवसांत होती. एका दुपारी ती भाकरी थापत असताना सोप्यातून आवाज आला, 'निशाताईंनी परात पुढं घेतलेली हाय... कड फाटली, मंडळी, कड फाटली!' निशानं तव्याखालचा गॅससुद्धा बंद केला नाही. तशीच उठली आणि जयसिंगपूरला माहेरी गेली. तिथंच बाळंत झाली. मुलगी झाली. आणि आता तिचं एकच म्हणणं होतं, त्या डब्यातला आवाज जाईपर्यंत लेकीला घेऊन त्या घरात पाऊल ठेवणार नाही.

"मी आपली ऐकत बसायची," शालूबाई म्हणाल्या. "भाजी निवडायला बसलं की म्हणायचे, 'शालूबाईंनी गवारीला पट काढलेला हाय!' बरं वाटायचं गं. पण नात अजून मांडीवर घेतली न्हाय मी. काय करू सांग?"

दीक्षानं मान डोलावली. मनात म्हणाली, कुणीतरी थट्टेखोर पोरानं काहीतरी भरून ठेवलंय. तिनं ओढणी कमरेला खोचली आणि कामाला लागली. हार्डडिस्कमध्ये शोधलं, तर जुन्या कॉमेंट्रीच्या चार फायली सोडून आवाजाचं काहीच नव्हतं. तिनं सीडी घातली, मशीन परत चालू केलं. निळा पडदा आला. सगळी पार्टिशनं उडवली आणि फॉरमॅटला लावलं. पिवळी पट्टी मुंगीच्या पावलानं सरकू लागली.

त्याच वेळी तिला वास आला. तांबड्या मातीचा. तेल, ताक, लिंबू मुरवलेल्या, घाम जिरलेल्या तालमीतल्या मातीचा गार वास. बाहेर ऊन रणरणत होतं, आणि सोप्यात मात्र कुणीतरी नुकतंच पाणी शिंपडून गेल्यासारखं वाटत होतं. कॉम्प्युटरचा पंखा घुमत होता. त्या घुमण्यात लांबवर हलगी वाजल्यासारखी वाटली...

"कुस्तीशौकीन मंडळी..."

दीक्षानं झटकन भिंतीवरच्या फोटोकडं पाहिलं.

"...कोल्हापूरची नवी पैलवान मैदानात उतरलेली हाय... निळी ओढणी... कमरेला खोचलेली हाय..."

तिनं झटक्यानं स्पीकरची वायर उपसली. वायर तिच्या हातात लोंबत राहिली. मशीनमध्ये विंडोज नव्हती. डिस्क पुसली जात होती. आवाज काढणार कोण?

"...हात कापतोय पैलवानाचा... कापू दे, कापू दे... पहिल्या मैदानाला माझा पण कापायचा..."

"मावशी..." दीक्षा वायर तशीच धरून वळली. "थांबवू का?"

"नगं."

शालूबाईंनी स्टूल पुढं ओढलं. बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा कॅबिनेटवर हात ठेवला.

"मालक, ऐकताय न्हवं? नात झालीया तुमास्नी. नाक तुमच्यागत हाय म्हणत्यात, हे एवढं. तिला घरी यायचंय... लई बोललासा. आता दम घ्या जरा."

पट्टी सरकत होती. आवाज थांबला. मातीचा वास मात्र दाटून आला.

"...नाक?" पार खोलातून प्रश्न आला.

"व्हय. नाक."

आणि पिराजीराव हसले. मैदानभर ऐकू जाईल असं, पोटातून. दीक्षाच्या अंगावर सरसरून काटा आला, आणि त्या काट्यासकट तिलाही हसू फुटलं. शालूबाई तर पदर तोंडाला लावून हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या.

"मंडळी... कुस्ती निकाली झालेली हाय..." आवाज विरत चालला. "पावणं... सावकाश जावा..."

पट्टी भरली. सोप्यात परत दुपारचं ऊन शिरलं. विंडोज चढायला लागली आणि शालूबाई पातेलं घेऊन चहाला उठल्या.

बारशाचं आवतण दीक्षाला आलं, तेव्हा ती आनंदानं गेली. घर बायकांनी फुलून गेलं होतं. निशा नव्या साडीत मिरवत होती. कॉम्प्युटरवर ती आता रोज पत्त्यांचा डाव खेळते, म्हणाली; एकदासुद्धा अडकला नाही. बाळाचं नाक खरंच हे एवढं होतं. पाळण्याभोवती गाणी चालली होती, घुगऱ्यांच्या ओंजळी फिरत होत्या, आणि शालूबाई सगळ्यांवर ओरडत, सगळ्यांना वाढत होत्या.

दीक्षानं त्यांना स्वयंपाकघराच्या दारात गाठलं. "आवाज नाही, तर चुकल्यासारखं वाटतं का हो?"

"लई." शालूबाईंनी घुगऱ्यांचं ताट कमरेवर घेतलं. "पण त्यास्नी तरी किती बोलाय लावायचं? आमच्यासाठी थोडंच बोलत हुते! दारात एक उभा असायचा न्हवं, त्याला गुतवून ठेवायचे. कॉमेंट्री सुरू असली, की तो उंबऱ्यावरच ऐकत ऱ्हायचा."

"कोण... कोण उभा असायचा?"

"काय की बाई. मला कधी तोंड दिसलं न्हाय." शालूबाई हसतमुखानं म्हणाल्या. "आता आत येऊन बसतोय. बसू दे, काय तरास न्हाय त्याचा."

आणि त्या ताट घेऊन गर्दीत शिरल्या.

दीक्षा दारातच उभी राहिली. सोप्यात पाय ठेवायला जागा नव्हती. बायका एकमेकींच्या मांडीला मांडी लावून बसल्या होत्या, पोरं खिडकीत चढली होती. गाणं रंगात आलं होतं. पण पाळण्याच्या उशाशी, भिंतीला लागून, एका माणसापुरती जागा मोकळी होती. कुणी तिथं बसत नव्हतं. तिथून जाणारी प्रत्येक बाई बोलता-बोलता, हसता-हसता, स्वतःच्याही नकळत साडी सावरून त्या जागेला वळसा घालून जात होती.